बांदुरियातले तांदूळ

बांदुरियात तांदूळ आईने टाकले, असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे. ऑफिसात सांगितलं, लोकांच्या वाढदिवसांना सांगितलं, माझ्याच लग्नात नवऱ्याच्या मित्रांना सांगितलं. मुलीला शाळेत घरातली एक मजेदार गोष्ट सांगायची होती, तेव्हा तिच्या हातीही हीच दिली. लोक हसतात. मालवणी बाई, फिलिपिनो वाद्य, आयरिश चर्च आणि मध्येच तांदूळ, हसू येणारच. मी बोलायला तशी कंजूष. चारजणांत गप्प बसते आणि घरी येऊन मनात उत्तरं देते. पण हा एक किस्सा मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना आईचा आवाजसुद्धा काढते. तर, तांदूळ मी टाकले होते. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे बाकीचं सावकाश सांगता येईल.

मी उंचीने वाढले ती कुडाळात, आणि उरलेली सगळी डब्लिनच्या एका उपनगरात, टॅलामध्ये. शिकायला म्हणून डब्लिनला आले, शिक्षण संपलं, बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात नोकरी लागली, तरी घर तेच ठेवलं, कारण ते घर सोडून जाणं म्हणजे जेवण सोडून जाणं होतं. घर आते लिताचं. आते म्हणजे फिलिपिनो लोकांच्या भाषेत थोरली बहीण. ती तिथल्या मोठ्या इस्पितळात नर्स होती, उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागायची आणि आवाजाने दोन्ही मजले भरून टाकायची. तिचा नवरा जहाजावर. तो वर्षातून एकदा प्रत्यक्ष यायचा आणि एरवी जिन्याजवळच्या फोटोत असायचा. मला वरची लहान खोली भाड्याने देताना तिने दोनच अटी घातल्या. तांदळाचा डबा तळाला गेला की लगेच बोलायचं, आणि रविवारी दुपारी झोपायचं नाही. पहिली अट मला जागीच कळली. कुठल्याही कोकणी घरात हीच अट असते, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. दुसरी कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी त्या घरात रोंदाल्या जमायची. रोंदाल्या म्हणजे तारवाद्यांचा ताफा. दाराबाहेर बुटांचा ढीग पडायचा, सोफा भिंतीला लागायचा आणि बसायच्या खोलीत दहा-बारा माणसं मांडीवर वाद्यं घेऊन दाटीवाटीने बसायची. बहुतेक सगळ्या नर्सा, आणि स्वोर्ड्सहून दोन बस बदलून येणारा, विमानतळावर स्वयंपाक करणारा एक गंभीर माणूस, ज्याच्याकडे सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य होतं. बसमध्ये ते वाद्य शेजारच्या सीटवर बसायचं. बाकीच्यांकडे गिटारी होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे बांदुरिया. पेरूच्या आकाराचं पोट, पाठ सपाट, मान आखूड, आणि त्या एवढ्याशा मानेवर चौदा तारा. सगळ्यात जाड तार एकटी, बाकीच्या दोन-दोन, तीन-तीनच्या जुड्यांनी. त्या नखीने छेडायच्या. सूर लांबवायचा तर नखी तारेवर खाली-वर इतक्या भरभर फिरवायची, की कानाला वेगवेगळे ठोके कळूच नयेत, एक सलग थरथरणारा गोड आवाज यावा. हे नीट जमलं तर ऐकणारा हातातला चहा विसरतो. नीट नाही जमलं तर डब्यात खिळे हलवल्यासारखं वाटतं. मी जवळजवळ वर्षभर खिळे हलवले.

कारण तिसऱ्या की चौथ्या रविवारी आते लिता चहा घेऊन जाणाऱ्या मला म्हणाली, "स्वाती, तुला बोटं आहेत ना?" मी म्हटलं, आहेत. "मग बस." एक नर्स लंडनला गेली होती आणि तिची जागा रिकामी होती. मला सूर येत नाहीत, नोटेशन येत नाही, असलं काहीबाही मी पुटपुटले. तिने तोवर वरच्या हॉट प्रेसमधून, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातून, टॉवेलांच्या मागची तिच्या वडिलांची जुनी बांदुरिया काढून माझ्या मांडीत ठेवली होती. आयरिश हवेत चौदा तारा चौदा दिशांना जातात, म्हणून ती टॉवेलांत ऊब घेत असायची. "अर्धा वेळ सुरात लावायचं," आते म्हणाली, "आणि अर्धा वेळ बेसूर वाजवायचं. सोपं आहे."

मांडीत वाद्य येण्याची ती माझी पहिली वेळ. हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. आमचे बाबा कुडाळच्या भजनात पखवाज वाजवायचे. घरातला तो फणसाच्या खोडाचा पखवाज खुंटीला नाही, कापडात गुंडाळून फळीवर असायचा, आणि मुलींनी त्याला हात लावायचा नाही हे मला कुणी सांगितल्याचंही आठवत नाही, इतकं ते उघड होतं. दसऱ्याला तो पाटावर यायचा. बाबा आणि दादा अक्षता वाहायचे. मी आणि आई मागे उभ्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मात्र आईने मळायची. बाबा गेल्यावर पखवाज दादाकडे पुण्याला गेला आणि त्याच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी शोभेला बसला. मी घरी फोन केला की अभ्यास कसा चालला आहे ते सांगायची. बांदुरियाबद्दल बोलले नाही. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण माझं असंच आहे. जे आवडतं ते मी आधी लपवते आणि मग का लपवलं याचं कारण शोधत बसते.

नोकरी लागली त्या वर्षी आई दोन महिन्यांसाठी आली. आणि त्याच सुमारास आते लिताचे वडीलही त्यांच्या गावाहून आले. आते त्यांना 'तातय' म्हणायची. आईने दुसऱ्याच दिवशी त्यांचं 'तात्या' करून टाकलं, आणि तेही त्या नावाला ओ देऊ लागले. ते आईला 'मिसिस' म्हणायचे. आम्ही दोघी सकाळी कामाला गेलो की टॅलाच्या त्या घरात ही दोन माणसं संध्याकाळपर्यंत एकटी. एकाला मालवणी येत नाही, दुसरीला तागालोग येत नाही, आणि दोघांचं इंग्रजी मिळून एक वाक्य होत नव्हतं. मला काळजी होती ती दुसरीच. आई बसमध्ये चढताना ड्रायव्हरशी मालवणीत बोलते, साडीवर माझं जुनं फ्लीसचं जाकीट घालते, आणि शेजारच्या मॉरीनला बघितलं की फाटकातून "जेवलंस काय गो?" असं विचारते, याची मला लाज वाटत होती. ओळख करून देताना मी नुसतं "घरून आलेत" म्हणायची. कोण आलंय ते नाही. यात माझं काय जात होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

एके दिवशी संध्याकाळी घरी आले तर जेवायच्या टेबलावर तात्यांची टॉवेलांमागची बांदुरिया पालथी ठेवलेली, शेजारी डबाबंद फणसाच्या गऱ्यांचा एक टिन, आणि दोघं खो-खो हसतायत. तात्या वाद्य पुसायला बसले होते. आईने जवळ जाऊन पाठीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाली, "फणस." तात्यांना कळेना. ते त्यांच्या भाषेत लाकडाचं नाव सांगत होते, लांका, लांका. आईला ते कळेना. शेवटी तात्या उठले, स्वयंपाकघरातल्या कपाटातून फिलिपिनो दुकानातला तो टिन घेऊन आले आणि एकदा टिनावरच्या चित्राला, एकदा बांदुरियाच्या पाठीला हात लावून दाखवू लागले. "बघ गो," आई मला म्हणाली, "पखवाजाचोच भाव ह्यो. माका आधीच समाजला होता." त्या दिवसापासून त्यांचं सगळं जमलं. दुपारी दोघं मिळून सुके मासे तळायचे. त्यांच्याकडचे वेगळे, आईने बॅगेत कपड्यांच्या मधून आणलेले वेगळे. पहिल्याच दिवशी मॉरीन धावत आली आणि गॅस गळतोय का म्हणून विचारू लागली. तिसऱ्या दिवशी ती ताटली घेऊन आली.

आता तात्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर होतं. त्यांनी आयुष्यभर गावच्या रोंदाल्यात पहिली बांदुरिया वाजवली होती, आणि आता उजवा हात कापायचा. चहाचा कप बशीत वाजायचा. "डॉक्टर म्हणतात रोग," ते आतेकडून मला सांगवायचे, "मी म्हणतो, इतकी वर्षं हात हलवायची मेहनत केली, आता तो आपणहून हलतो." विनोद चांगला होता, पण एका रविवारी तालमीत वाजवता वाजवता तो हात मध्येच थांबला, आणि तात्यांनी बांदुरिया खाली ठेवली ती त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये माउलीच्या सणाचा कार्यक्रम होता. त्यात त्यांना एकट्याने एक धून वाजवायची होती. नंतर दोन दिवसांनी परतीचं विमान. आते नको म्हणत होती. आमच्यासमोर भांडली, स्वयंपाकघरात रडली. मला म्हणाली, "लोकांसमोर थांबले ना, तर पुन्हा कधी हात लावणार नाहीत. मी ओळखते माझ्या बापाला. ते वाद्य इथेच माझ्याकडे टाकून जातील आणि तिथे नुसते बसून राहतील." शेवटी तिने होकार दिला तो आईमुळे. आईने काय केलं, तर तात्यांना वाढताना आतेकडे बघून एवढंच म्हणाली, "वाजवूक दी तेंका. हात तेंचो आसा." मी भाषांतर केलं. आतेने हात वर करून शरण आल्याची खूण केली.

कार्यक्रमाचा दिवस आला तो नेमका दसऱ्याला. शनिवार होता. मला सकाळी हॉलमध्ये खुर्च्या लावायला जायचं होतं, उशीर झाला होता, टोस्ट हातात होता. बसायच्या खोलीतून हाक आली, "बायो, हय ये." बघते तर आईने कॉफी टेबलावर माझी ओढणी अंथरून बांदुरिया ठेवली होती. हळद-कुंकू, वरती मॉरीनच्या गुलाबाचं फूल, शेजारी माझ्या ऑफिसचा लॅपटॉप आणि आतेचा स्टेथोस्कोप. तात्या सोफ्यावर अंघोळ करून, हात जोडून बसलेले. आईने वाटी पुढे केली. "आज तू घाल अक्षता," ती म्हणाली. "तू वाजवतंस."

मला हे वाक्य त्या वेळी ऐकूच आलं नाही. म्हणजे कानाने ऐकलं. मला बस दिसत होती, खुर्च्या दिसत होत्या, आणि इस्त्री केलेल्या माझ्या ओढणीवरचं कुंकू दिसत होतं. आई स्वतः अक्षता वाहते ती तीन बोटांच्या चिमटीत, कडेला, लाकडावर अलगद. मी दारातूनच, एका हातात टोस्ट धरून, दुसऱ्या हाताने मूठभर उचलल्या आणि "झालं?" म्हणत फेकल्या. काही टेबलावर पडल्या, काही तात्यांच्या मांडीवर. बऱ्याचशा बांदुरियाच्या पोटाला जे गोल भोक असतं त्यातून आत गेल्या. मी ते बघितलं. आईनेही बघितलं. मी निघाले.

(माझ्या ओळखीतले सगळे कॅथलिक. त्यांना निदान एक लाकडी खोली असते, जाळीआड बसून चुका कबूल करायची. आते एकदा मला म्हणाली होती, "तुझ्यासारखीला तर रोज जायला हवं." मला ती सोय नव्हती, म्हणून ही पानं.)

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मी कपडे बदलायला घरी आले तर बसायच्या खोलीत शांततापरिषद भरली होती. आते लिता ड्युटीवरून येऊन तयार होऊन उभी, आणि तिच्या आणि कॉफी टेबलाच्या मध्ये आई. मामला असा होता, की आमच्या घरी दसऱ्याला पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाल्याखेरीज उचलायची नाही. दादाचा अभ्यास बुडावा म्हणून शाळेत असताना आम्ही हा नियम फार पाळायचो. कार्यक्रम साडेसातला. आते मला म्हणाली, "तुझ्या आईला समजाव." मी तात्यांकडे आशेने बघितलं. ते पांढरा भरतकामाचा सदरा घालून सोफ्यावर बसले होते. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं आणि दोनच शब्द बोलले, "आल्तार. नो टच." वेदीला हात लावायचा नाही, म्हणजे तेही आईच्याच बाजूचे.

"आई, कुडाळात आता पावणेअकरा वाजलेत," मी म्हटलं. "थोड्या वेळात तिथे उद्या होईल. झाली की उत्तरपूजा."

"आपलो दिवस सूर्य उगवलो काय बदलता," आई म्हणाली. "घड्याळाचे काटे फिरले म्हणान नाय. माका शिकव नको."

"पण तात्यांचं वाजवायचं काय?"

"दुसरा घे म्हणान सांग."

आतेला हे मी जसंच्या तसं सांगितलं. तिने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. दुसऱ्या बांदुरियाची मान वेगळी, तारांची ओढ वेगळी. कापणारा हात ओळखीच्या वाद्यावर कसाबसा धीर धरत होता, परक्यावर पाच मिनिटं टिकला नसता. ती वडिलांशी त्यांच्या भाषेत भराभर बोलली. ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन तात्यांनी खिशातून फोन काढला आणि काहीतरी म्हणाले. आते हसायलाच लागली. "ते म्हणतात, बेबीला विचारा. बेबीकडे नेहमी उद्याच असतो."

बेबी म्हणजे आतेची धाकटी बहीण, ऑकलंडची नर्स. फोन स्पीकरवर लागला. "बेबी," आते म्हणाली, "तुझ्याकडे सूर्य उगवला का?"

पलीकडून जांभई ऐकू आली. मग, "आते, तू पुन्हा डबल ड्युटी केलीस का?"

"पडदा उघड आणि सांग."

पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. "उगवतोय. समोरच्या घराच्या कौलांवर आलाय. तातय बरे आहेत ना? काय झालंय?" मी आईला भाषांतर करून सांगितलं. आई सहजासहजी मानणाऱ्यातली नाही. "कौलां आसत तिच्याकडे?" तिने आधी हे विचारलं. मग म्हणाली, "खिडकीत धर म्हणान सांग फोन." बेबीने धरला. टॅलाच्या त्या खोलीत, बाहेर दिवस मावळायला लागलेला असताना, पृथ्वीच्या पलीकडच्या पाखरांचा कलकलाट सुरू झाला. आईने डोळे मिटून ऐकलं. "पाखरां ओरडतत," ती शेवटी म्हणाली. "उजाडला." आणि पदर खोचून उत्तरपूजेला बसली. तात्यांनी क्रॉसची खूण केली. मी घड्याळ बघत होते. तांदळांचं माझ्या मनातही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. फार तर सकाळी बघितलेलं मला आठवायचं नव्हतं, असं म्हणा.

निघताना आईने मॉरीनच्या कुंपणाची पानं तोडून सगळ्यांना सोनं म्हणून वाटली. एक पान मॉरीनलाही दिलं. तिने ते ओळखलं असणार, पण "अगदी ग्रँड" म्हणून पर्समध्ये ठेवलं आणि आईच्या शेजारी गाडीत बसली.

हॉल भरला होता. आमची दोन गाणी बरी झाली. मी दुसऱ्या ओळीत चर्चची बांदुरिया घेऊन बसले होते. मग फादरनी तात्यांचं नाव घेतलं, पुढे खुर्ची ठेवली, माइक खाली वाकवून वाद्याच्या तोंडाशी आणला. तात्यांनी पहिला सूर धरला, नखी फिरायला लागली, आणि त्या गोड थरथरीच्या खालून दुसराच आवाज आला. छुळ्ळ, छुळ्ळ. पोरांच्या खुळखुळ्यासारखा, आणि माइकमुळे हॉलभर. तात्या थांबले. पुन्हा धरला. पुन्हा छुळ्ळ. समोरच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्यांचा हात हवेत राहिला होता आणि तो नुसता कापत होता, कशावरही न टेकता. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या आतेचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ती ज्या गोष्टीला दोन महिने घाबरत होती ती तिच्यासमोर घडत होती.

ती उठली, वडिलांच्या हातून बांदुरिया घेतली, पालथी केली आणि हलवली. कुंकवाने लाल झालेले तांदूळ चर्चच्या लाकडी फरशीवर टपटप पडले. सगळा हॉल ते बघत होता. आतेचा आवाज चढला. "कुणी टाकले हे? माझ्या वडिलांच्या बांदुरियात तांदूळ कुणी टाकले?" विचारताना ती आमच्या ओळीकडे वळली होती. मी माझ्या तारांकडे बघायला लागले. बोलायला तोंड उघडलं असतं तर शब्द आले असते की नाही, मला माहीत नाही. मी उघडलं नाही.

मागून आवाज आला, "मी घातलंय."

आई उभी होती. नारायणपेठी साडी, वर माझं फ्लीस, गळ्यात मॉरीनचा मफलर. तिला इंग्रजीतलं अक्षर कळलं नव्हतं. पडलेले तांदूळ आणि माझी मान, एवढ्यावर तिने सगळं ओळखलं होतं. "मी घातलंय ते," ती पुन्हा म्हणाली. "पूजेचे आसत. तेंका सांग बायो, पूजेच्या तांदळान काय वायट होवचा नाय." आता सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला, कारण ती माझ्याशी बोलत होती हे उघड होतं आणि त्या तेवढ्या लोकांत ते कळणारी मी एकटीच होते. मी उभी राहिले. "ही माझी आई," मी इंग्रजीत म्हणाले. आयर्लंडमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने म्हणत होते. "ते तांदूळ तिने टाकले. पूजेचे आहेत. त्यांनी काही वाईट होत नाही." तीन-चार वाक्यांत एकच काय ते खोटं होतं.

तात्यांना ठाऊक होतं. सकाळी त्यांच्या मांडीवर पडलेले तांदूळ माझ्या मुठीतलेच होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग आईकडे बघितलं, आणि वाकून माइकमध्ये आपल्या भाषेत बोलायला लागले. आते डोळे पुसत भाषांतर करत होती. "ते म्हणतात, आमच्याकडे लग्नात तांदूळ फेकतात. माझ्या लग्नात मी स्वतःच वाजवत होतो, तेव्हाही आत गेले होते. बायको म्हणाली, काढू नका, राहू दे. पुढे किती वर्षं मी खुळखुळत वाजवलं." हॉल हसला. यावेळचं हसू वेगळं होतं. फादर म्हणाले, "ग्रँड, ग्रँड." तात्यांनी बांदुरिया परत मागून घेतली. आते अजून हलवणार होती, त्यांनी हलवू दिली नाही.

आणि मग त्यांनी वाजवलं. मला त्याबद्दल फार लिहिता येणार नाही. सूर लांबला की त्यांचा हात कापतो आहे की वाजवतो आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. मधल्या संथ जागी सूर थांबले की आत राहिलेले दाणे हलकेच सरकल्याचं ऐकू यायचं. तिसऱ्या आवर्तनाला आईने मांडीवर ताल धरला, भजनातला, मागे उभं राहून इतकी वर्षं ऐकलेला. मॉरीनने तिचं बघून धरला. शेवटाला हॉलमधली अर्धी माणसं टाळ्या देत होती आणि बहुतेकजण चुकत होते. तात्या शेवटपर्यंत थांबले नाहीत. संपल्यावर त्यांनी फरशीवरचा एक तांदूळ उचलून सदऱ्याच्या खिशात घातला, आणि दोन दिवसांनी जाताना बांदुरिया टॅलात ठेवली नाही, मांडीवर घेऊन गेले.

पुढची हकीकत थोडी आहे आणि माझ्यासाठी अवघड आहे. टॅलाच्या रोंदाल्यात तेव्हापासून रिवाज पडला. कार्यक्रमाआधी प्रत्येकाने आपल्या वाद्यावर चिमूटभर तांदूळ ठेवायचे. नवी पोरं विचारतात तेव्हा आते लिता सांगते, एक भारतीय आई आली होती, तिने आशीर्वाद दिला. आता तात्या नाहीत. त्यांची बांदुरिया आतेकडे परत आली आहे आणि टॉवेलांमागे उबेला असते. मी अजूनही दुसऱ्या ओळीत बसते, कार्यक्रमाआधी माझी चिमूट ठेवते, अलगद, कडेला, आणि दरवेळी मान खाली घालते. लोकांना ती भक्ती वाटते.

हे लिहायला घेतलं तेव्हा आईला फोन केला. ती कुडाळात ओट्यावर बसली होती, व्हिडिओत निम्मी ती आणि निम्मं छप्पर. म्हटलं, आई, त्या तांदळांचं मी खरं काय ते लिहिणार आहे.

"कित्याक?" ती म्हणाली. "देवळात उभी ऱ्हवान खोटा सांगलंय मी. तेंच्या माउलीसमोर. आता तू खरा लिवलंस तर माझा काय होतला?"

"तू का सांगितलंस पण तेव्हा?"

"तू खुर्चीत बारीक झाली होतस," आई म्हणाली. आणि मग ओट्याच्या खाली कुणालातरी कोंबडी हाकलायला सांगून परत आली. तिचा राग गेलेला दिसला. "बरा, लिही. पण फेकलंस म्हणान लिवू नको. वाह्यलंस म्हणान लिही. पयलीच वेळ होती तुझी, चुकता माणूस."

मी बरं म्हटलं. आई सगळं वाचते, चष्मा लावून, बोट फिरवत. हे पान तिच्या हाती पडेल तेव्हा ती सगळ्यात आधी ती ओळ शोधेल. आई, वर बघ. फेकल्या असंच लिहिलं आहे.